आधी कुत्रा, मग बटण

प्रिय पोरी,

गॅरेजमध्ये यंत्रांवर काम करताना तुझी कुत्री भुरी सोबत ठेवावी का, असं विचारणाऱ्या तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला अजून सलतंय. ‘आवाजाची सवय होईल तिला, असं सगळे म्हणतात.’ कोण हे सगळे? त्यांच्यापैकी कुणी धातू घासायचा, कापायचा ग्राइंडर चालू असताना कानावरचे आवाज अडवणारे मफ काढून कुत्र्याशेजारी जमिनीवर बसलंय का कधी? मोठ्या आवाजाची कानाला सवय होत नाही. कुत्री उठून जायचं सोडून देते, एवढंच होतं. कानाच्या आतल्या केसपेशी मात्र मरत राहतात, आणि एकदा मेल्या की माणसात काय किंवा कुत्र्यात काय, पुन्हा उगवत नाहीत.

भुरी तुला गॅरेजमध्ये सोबत का हवी, हे मला समजावू नकोस. ज्याने तासन्‌तास एकट्याने कानस चालवली आहे, त्याला ते कळतं. तुझा गोंधळ वेगळाच आहे. दार लावून घेतलंस की ती बाहेर रडते, आत घेतलीस की नेमकी तुझ्या पायाशी येऊन पडते. एक जण म्हणतो, कायमची बाहेर ठेव. दुसरा म्हणतो, राहू दे, शिकेल आपोआप. आणि तू मला विचारतेस, दोघांतलं बरोबर कोण. दोघंही चूक. दोघांनाही कष्ट नकोत, म्हणून एकाने दार लावून टाकलंय आणि दुसऱ्याने डोळे मिटून घेतलेत.

माझा नियम एकच आहे आणि तो मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. आधी कुत्रा, मग बटण. कुठल्याही मोटारीच्या बटणाकडे हात जाण्याआधी कुत्रा कुठे आहे ते डोळ्यांनी बघायचं, त्याला दारात बसवलेल्या गजांच्या जाळीपलीकडे न्यायचं, कडी लावायची आणि मग बटण दाबायचं. काम संपलं, पातं पूर्ण थांबलं, तुकडे उचलले, की जाळी उघडायची. हाताचं काम कुत्र्यासोबत, मोटारीचं काम कुत्र्याशिवाय. ‘बहुतेक वेळा’ असा नियम नसतो. सगळ्यात धोक्याचं वाक्य म्हणजे ‘एकच भोक पाडायचंय’. त्या एका भोकासाठीच माणूस चष्मा घालत नाही, लाकूड शिकंज्यात धरत नाही आणि कुत्रा कुठे आहे ते बघत नाही.

आता कानाचं नीट सांगतो, कारण याच बाबतीत मला तुझ्या आजूबाजूच्या लोकांचा राग येतो. माणसाला वीस हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही. कुत्र्याला साधारण 45,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. अँगल ग्राइंडरचा आवाज 100 डेसिबलच्या आसपास असतो, धातूवर टेकला की त्याहून वाढतो. माणसाच्या कानासाठी एक जुना हिशेब आहे: 85 डेसिबलला आठ तास, आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. तेही ज्याला आवाज का होतोय, कधी थांबेल हे ठाऊक आहे आणि जो हवं तेव्हा कानावर मफ चढवू शकतो, अशा माणसाच्या उघड्या कानासाठी. भुरीला यातलं काहीच ठाऊक नाही.

आणि जो तुला ऐकू येतो तेवढाच आवाज असतो असं समजू नकोस. माझी आत्ताची कुत्री, काजळ, हवा दाबून साठवणारा कॉम्प्रेसर भरला की उठून जायची. मोटार बंद झाल्यावरसुद्धा आत यायची नाही. मला वाटायचं, मोटारीला घाबरते. पण मोटार तर बंद होती! शेवटी साबणाचं पाणी घेऊन सगळे जोड तपासले, तर नळीच्या एका जोडाशी बारीक बुडबुडे येत होते. दाबाखालची हवा फटीतून सुटते तेव्हा माणसाच्या कानापलीकडचा आवाज होतो. कारखान्यांत अशी गळती शोधायला खास त्या आवाजाची उपकरणं वापरतात. मी जोड बदलला आणि ती त्याच संध्याकाळी परत माझ्या बाकाखाली आली. म्हणून भुरी एखाद्या कोपऱ्यात जायला नको म्हणाली, तर तिला ओढू नकोस. आधी तो कोपरा तपास.

तू लिहिलंयस, ‘दर वेळी थांबणं कसं शक्य आहे, कामाची लय जाते.’ हे वाचून मी कागद बाजूला ठेवला आणि थोडा वेळ बाहेर जाऊन आलो. पोरी, लय कुणाची? करवत हातात असलेल्या माणसाला थांबण्याचा कंटाळा येतो, तेव्हा लय आधीच बिघडलेली असते. मी माझ्यापुरतं सांगतो. या नियमामुळे मी काम लावायला शिकलो. आधी सगळे तुकडे आखून घ्यायचे, खुणा करायच्या, मापं दोनदा बघायची, आणि हे सगळं होत असताना कुत्रा पायाशी. मग त्याला जाळीपलीकडे नेऊन सगळे काप एका दमात काढायचे. मग झाडून, पुसून पुन्हा जाळी उघडायची, आणि पटाशी, रंधा, कानस, पॉलिशकाम, जोडणी, यांत सगळी दुपार घालवायची. दिवसाचा मोठा भाग हाताच्या कामाचाच असतो. यंत्रं बोलतात जोरात, म्हणून सगळा वेळ तीच घेतात असं वाटतं.

माझ्या भागीदाराला हे पटलं नाही. आमचं सामायिक वर्कशॉप होतं, जागा त्याची. कुत्रा आत नको, हा त्याचा हुकूम होता आणि जागा त्याची म्हणून मी तो पाळला. शेरू, माझा पहिला कुत्रा, कित्येक वर्षं त्या लोखंडी दाराबाहेर पडून राहिला. आत माझा आवाज, बाहेर तो. स्वतःचं गॅरेज मिळालं तेव्हा त्याच्या मागच्या पायांत ताकद उरली नव्हती. दोन पायऱ्यासुद्धा उचलून चढवाव्या लागत. त्या गॅरेजमध्ये त्याला फार दिवस मिळाले नाहीत. याचं दुःख मला आजही आहे, आणि ‘कायमची बाहेर ठेव’ म्हणणाऱ्यांवर मी चिडतो ते त्याच्यामुळेच. पुढे तोच भागीदार लोकांना सांगत फिरला की मी कुत्र्यापायी काम रखडवतो. मी रखडवत नाही. आखणी नीट झालेली असल्याने माझ्याकडून लाकूड कमी वाया जातं, आणि माझी दहाही बोटं जागेवर आहेत. ही मी माझी बाजू मांडतोय असं वाटलं तर वाटू दे. मांडायलाच हवी, कारण उद्या तुलाही हेच ऐकावं लागणार आहे.

तू आणखी एक विचारलंस, ते विचारताना जरा लाजलीस असं वाटलं: ‘तिचा काही उपयोग नसताना तिला आत बसवून ठेवणं हा माझा स्वार्थ तर नाही?’ जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे 1914 साली दगडाच्या खाणीत एक कबर सापडली. साधारण चौदा हजार वर्षांपूर्वीची. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचं वाढतं पिल्लू. त्या पिल्लाच्या दातांवरून पुढे अभ्यासकांनी अंदाज काढला की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा गंभीर आजार झालेला असावा आणि माणसांनी काळजी घेतल्याशिवाय ते इतके आठवडे जगलं नसतं. आजारी पिल्लू शिकारीच्याही कामाचं नव्हतं आणि राखणीच्याही. तरी कुणीतरी त्याला उबेत ठेवलं, पाणी पाजलं. उपयोगाचा हिशेब तेव्हाही कुणी मांडला नाही, तूही मांडू नकोस. पण ज्याला सोबत म्हणून आत घेतलंस त्याची जबाबदारी पूर्ण तुझी, यात सवलत नाही.

आता फळ्यांकडे वळ. तुझ्या फोटोत खालच्या फळीवर कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, डबा दिसतोय, झाकण अर्धवट. तो आजच वर ने, बंद होणाऱ्या कपाटात. बऱ्याच कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं, ते गोड लागतं आणि कुत्रे ते चाटतात. वजनाच्या दर किलोमागे साधारण 4.4 ते 6.6 मिलिलिटर शुद्ध द्रव जीव घ्यायला पुरतो. दहा किलोच्या कुत्र्याचा हिशेब तूच कर: लहान पेलाभरसुद्धा नाही. आणि त्याची चाल कपटी असते. पहिल्या काही तासांत कुत्रा दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, ओकतो, खूप पाणी पितो. मग बरा वाटायला लागतो. इथेच लोक फसतात, म्हणतात, आलं होतं गेलं. आत मूत्रपिंडात स्फटिक साचत असतात आणि दीड ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. यावर उतारा आहे, फोमेपिझोल. पण तो पहिल्या काही तासांतच कामी येतो. म्हणून चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघत बसायचं नाही, डब्यासकट डॉक्टरकडे जायचं. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं कूलंट कमी विषारी असतं, तुझ्या गाडीला चालत असेल तर तेच घे. तरीही सांडलेलं लगेच पूस, आणि जमीन धुऊन काढ.

पॉलियुरेथेनचा फुगणारा गोंद वापरतेस ना? तो पोटात गेला तर तिथेही फुगतो आणि घट्ट गोळा होतो; बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय निघत नाही. त्यावर ओकारी काढायची नाही. पेट्रोल, थिनर चाटलं तरी ओकारी काढायची नाही, फुप्फुसात गेलं तर जास्त वाईट. जस्ताचा मुलामा असलेले नट, वॉशर गिळले तर जस्त पोटात विरघळून रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. चाकं बॅलन्स करायची शिशाची वजनं, सोल्डरचे तुकडे, उंदराचं औषध, हे सगळं झाकणाच्या डब्यात. जमिनीवर लोहचुंबक फिरव, कारण लोखंडाचा कीस पंज्यात रुततो आणि मग ती पंजा चाटते.

वेल्डिंग करशील तेव्हा भुरी जाळीपलीकडे असली तरी पुरत नाही, तिला आर्क, म्हणजे वेल्डिंगचा तो झगझगीत उजेड, दिसता कामा नये. तो प्रकाश भिंतीवरून उलटून आला तरी डोळ्याचा वरचा पडदा भाजतो, आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं, तोवर तू सगळं विसरलेली असतेस. मधे पडदा लाव. भुशाचंही तेच: कापणं संपलं म्हणजे हवा साफ झाली असं नाही. बारीक भुसा बराच वेळ तरंगत राहतो आणि तिचं नाक तुझ्यापेक्षा जमिनीच्या जवळ असतं. खिडक्या उघड, व्हॅक्यूम फिरव, ओल्या फडक्याने पूस. कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नकोस. दार बंद ठेवून इंजिन चालवायचं नाही, हे तुलाही लागू आणि तिलाही.

गाडीखालचा नियम वेगळा नाही. गाडीखालची सावली कुत्र्यांना आवडते. जॅक उतरवण्याआधी, गिअर टाकण्याआधी खाली वाकून बघायचं. हाक मारून ती येते का, एवढ्यावर भागत नाही. म्हातारपणी ऐकू येणं कमी होतं आणि ती शांत झोपलेली असते. आधी कुत्रा, मग बटण. इथे बटणाच्या जागी किल्ली.

तिची जागा आता ठरव. चटई तुझ्या पाठीमागे नको. मागे पाऊल टाकताना हातात पटाशी असते आणि तिथेच तिची शेपटी असते. बाकाच्या समोर, भिंतीला लागून, जिथे तू मान न वळवता तिला बघशील तिथे टाक. टेबल सॉच्या, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीच्या, पात्याच्या रेषेत नको, चालू नसला तरी नको, कारण सवय जागेची लागते. आधी यंत्रं बंद असताना चटईवर बसायला शिकव, तिथेच खाऊ दे, मग हळूहळू तुझं काम वाढव. जाळीपलीकडे जाण्याचंही तसंच: तिथेही चटई, तिथेही पाणी, चावायला काहीतरी. जाळी ही शिक्षा वाटली तर ती रडेलच. आत्ता ती रडते कारण दार भरीव आहे आणि तू दिसत नाहीस. आवाजाच्या कामाला जाळी पुरणार नाही हेही सांगतो. ग्राइंडर चालवायचा असेल त्या दिवशी तिला घरात आतल्या खोलीत ने, मधे दोन दारं येऊ देत. जाळी ड्रिलसाठी, छोट्या करवतीसाठी. आणि आत कितीही उकडत असलं तरी तिला खूप धापा टाकायला लागू देऊ नकोस. धाप हाच तिचा पंखा आहे, आणि कोंदट गरम हवेत तो चालत नाही.

शनिवारी फळ्या कापायच्या आहेत म्हणालीस. त्याआधी जाळी बसव. बाहेरच्या बाजूला उघडणारी कर, कडी तुझ्या कोपराच्या उंचीवर घे, म्हणजे हात भरलेले असले तरी लागते. तयार जाळी मिळाली नाही तर स्वतः बनव, त्यासाठी लागणारे काप तिला आत घरात ठेवून काढ. गजांमधल्या फटीचं माप मला कळव; भुरीचं डोकं त्यातून जात नाही ना, ते तू मोजून बघ आणि आकडा लिही, अंदाज लिहू नकोस.

तुझा,
काका