वही कोरी, पोरगी बोलकी

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही पूर्व भागात राहतो, घरात तेलुगू बोलतो. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत. मुलगी यंदा दुसरीत, मराठी शाळेत. रोज विचारते, आज काय शिकवलं? तर म्हणते गोलात बसलो, शेंगा मोजल्या, दोघांचं भांडण मिटवलं. आठवड्यात वहीची दोन पानं भरली. होमवर्क नाही. शेजारची पोरगी इंग्रजी शाळेत, तिचं रोज पान-पान लिहून होतं. आमची मात्र आजोबांना 'चल की बे' म्हणायला शिकली. तिच्या बाई शिकवतात की वेळ काढतात? आणि आता घरात मराठीच बोलावं का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, 'शेंगा मोजल्या' वाचलं आणि हसूच आलं. माझी एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्म्याहून जास्त पहिली-दुसरीवर. शेंगांचा तास म्हणजे काय, ते मला विचारा.

एका मंगळवारी मी दोघादोघांत एकेक ढीग वाटला. दहा-दहाचे गट करा, उरलेल्या सुट्या बाजूला ठेवा. खिडकीजवळच्या दोघांचे तीन गट झाले, वर चार सुट्या. चौतीस. मी फळ्याकडे वळून परत येते तर बत्तीस! "बाई, ह्यानं खाल्ल्या!" "नाही बे, तू चुकलास मोजायला!" मारामारीची वेळ. मी म्हटलं, मारायचं नाही, पुरावा दाखवा. पहिल्यानं दुसऱ्याच्या खिशात हात घातला आणि दोन शेंगांची टरफलं बाकावर मांडली. आता न्याय काय? वर्गाला विचारलं. शिक्षा करा, उठाबशा काढायला लावा, असं बरंच झालं. शेवटी फिर्यादीच म्हणाला, "मग मीपण दोन खातो." खाल्ल्या. तीन गट उरले, सुटं काही नाही, भांडणही नाही. त्या दिवशी दोघांच्या वहीत एकच ओळ होती : ३४ − २ − २ = ३०. त्यांच्या आईनं संध्याकाळी वही उघडली असेल तर तिलाही वाटलं असेल, बाईंनी दिवसभर केलं काय?

गोलात बसण्याचंही तसंच. सोमवारी आम्ही रविवारच्या गप्पा मारायचो. नियम एकच : हातात कांडी असेल त्यानंच बोलायचं. यंत्रमागावरची रिकामी कांडी हो, तुमच्या घरात माळ्यावर दोन-चार सापडतील. सात वर्षांच्या पोराला दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत तोंड मिटून बसणं किती अवघड, ते त्याच्या पायांकडे बघितलं की कळतं. एक तेलुगू मुलगी जूनपासून कांडी घ्यायची, फिरवायची आणि पुढं द्यायची. एका सोमवारी हळूच म्हणाली, "पिल्लि." पोरं लागली विचारायला, कुणाचं पिल्लू? कुत्र्याचं का? ती रडवेली झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा ओरडला, "बाई, पिल्लि म्हणजे मांजर!" मांजर व्याली होती. किती पिल्लं? तिनं तीन बोटं वर केली, "मूडु." पुढचा अर्धा तास मला फक्त ऐकायचं काम होतं. वर्गातल्या प्रत्येकाला मूडु येऊ लागलं ते त्या दिवसापासून.

म्हणून घरातली तेलुगू अजिबात सोडू नका. उलट गणितात तिचा फायदाच आहे. मराठीत आपण 'तेवीस' म्हणताना तीन आधी उच्चारतो, म्हणून निम्मी पोरं ऐकून ३२ लिहितात. तेलुगूत एकवीसला 'इरवै ओकटि', म्हणजे वीस आधी, एक नंतर. जसं लिहायचं तसंच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा महाराष्ट्रभर चेष्टा झाली. मला तेव्हाही ते काही वाईट वाटलं नव्हतं. तुमच्या घरात ते रोजचंच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथं घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलंय. शाळा मराठी निवडलीत, छान. आजी-आजोबांशी मात्र तिला तेलुगूतच भांडू द्या.

होमवर्कचं म्हणाल तर दुसरीपर्यंत ते देऊच नये, असं केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात आहे. ह्यात तिच्या बाईंची चूक नाही.

आता तुमच्या बाजूचं. आठवड्यात दोन पानं मलाही कमी वाटतात. रोज चार-पाच वाक्यं स्वतःच्या मनानं लिहायला हवीत. मांजरीवर का होईना. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत, हे केंद्राच्या 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट आहे, म्हणजे तिच्या हातात हे वर्ष आणि पुढचं. तेव्हा शनिवारी सकाळची शाळा सुटताना बाईंना भेटा. 'वही का कोरी?' असं विचारलंत तर त्या सोमवारपासून फळ्यावरचं उतरवून देतील, पानं भरतील, काम संपलं. त्यापेक्षा विचारा, 'ती कुठं अडते?' ज्या बाईंना हे पटकन सांगता येतं, त्या शिकवतात. नाही सांगता आलं तर तुमची शंका खरी धरा. शिवाय घरी भाजी आणायला सोबत न्या, पन्नासची नोट तिच्या हातात द्या, परतीचे पैसे तिलाच मोजू द्या.

राहिलं 'बे'. सोलापुरात बेचा पाढा शिकवावा लागत नाही, निम्मा तोंडात असतोच. आमच्या वर्गात ठरलेलं : मैदानावर बे चालेल, वर्गात आणि मोठ्यांना नाही, जो बोलेल तो त्या दिवशी खिचडीच्या रांगेत शेवटी. नियम पोरांनीच केलेला. एकदा रांग लांबली, ऊन डोक्यावर, आणि माझ्याच तोंडून गेलं, "सरका की बे पुढं!" सगळी रांग गप्प. मग एकीनं माझा हात धरला आणि मला मागं नेऊन उभं केलं. त्या दिवशी खिचडीत वाटाणा माझ्या वाट्याला आला नाही.