डॉक्टर न होता किडनीवर संशोधन करता येईल का?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातली आहे. नीट दोनदा दिली, नंबर लागला नाही. आता बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धाकट्या भावाला सहा वर्षांचा असल्यापासून नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीतून लघवीत प्रथिनं गळण्याचा आजार आहे. सूज आली की स्टिरॉइड सुरू, उतरली की बंद, असं चार वर्षं चाललंय. आई रोज सकाळी त्याच्या लघवीत सल्फोसॅलिसिलिक अॅसिडचे थेंब टाकून बघते आणि वहीत लिहून ठेवते. मला किडनीच्या आजारांवर संशोधन करायचंय. डॉक्टर नसताना ते जमेल का? प्रोटिओमिक्स घेऊ की इम्युनॉलॉजी? बाबा म्हणतात, पीएच.डी.त इतकी वर्षं घालवून हाती काय लागणार?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. जमेल. दुसऱ्यासाठी मात्र तुला थोडं आत न्यावं लागेल.

तुझ्या आईची ती परीक्षानळी घे. अॅसिडचे थेंब पडले की लघवी गढूळ होते, म्हणजे त्यात प्रथिनं आहेत. जितकी गढूळ तितके प्लस. पण ती प्रथिनं कोणती, एकूण किती प्रकारची, हे परीक्षानळी सांगत नाही. ते सांगण्याचं काम प्रोटिओमिक्सचं. ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमने प्रथिनांचे ठरावीक जागी तुकडे करायचे, मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यांची वस्तुमानं मोजायची आणि त्यावरून मूळ प्रथिनं ओळखायची. आणि ही प्रथिनं मुळात गळतातच का, शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच किडनीवर का उठते, हा प्रश्न इम्युनॉलॉजीचा.

दोन्ही एकमेकांच्या हातात हात घालून कसे चालतात, याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचं आहे. मोठ्या माणसांच्या लघवीतून प्रथिनं जाण्याचं हे एक मोठं कारण. उंदरांमध्ये तसाच आजार घडवता येतो हे १९५९ पासून माहीत होतं, त्यांच्यातल्या अँटिबॉडींचं लक्ष्य ठरणारं प्रथिनही १९८०च्या दशकात सापडलं. पण माणसात ते लागू पडेना. बोस्टन विद्यापीठातल्या लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांच्या गटाने माणसाच्या किडनीतल्या ग्लोमेरुलसची, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या पुंजक्यांची, प्रथिनं जेलवर वेगळी केली आणि त्यांवर रुग्णांचं सीरम, म्हणजे रक्तातला अँटिबॉडी असलेला पातळ भाग, सोडून पाहिलं. एरवी अशा प्रयोगात प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणारं रसायन सवयीने घालतात. त्यांनी ते घातलं नाही. बंध शाबूत राहिले, प्रथिनाची घडी मोडली नाही, आणि ३७ पैकी २६ रुग्णांच्या अँटिबॉडी एकाच पट्टीवर जाऊन बसलेल्या दिसल्या. मास स्पेक्ट्रोमीटरने त्या पट्टीतलं प्रथिन ओळखलं : पीएलए२आर. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. आज या अँटिबॉडीची रक्ततपासणी होते आणि काही रुग्णांची बायोप्सीची सुईसुद्धा त्यामुळे टळते.

म्हणून 'हे की ते' असं निवडू नकोस. प्रश्न इम्युनॉलॉजीतला धर आणि हात प्रोटिओमिक्सवर बसव.

याच वाटेने पुढे नेल-१ नावाचं आणखी एक प्रथिन सापडलं, आणि त्याचा धागा थेट आपल्या घरांपर्यंत आला. वेल्लोरच्या डॉक्टरांना मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचा हा नेल-१वाला प्रकार पारा असलेली देशी औषधं घेणाऱ्यांमध्ये दिसला, केरळमधल्या डॉक्टरांना गोरेपणाची क्रीम लावणाऱ्यांमध्ये. असे प्रश्न आपल्याच दवाखान्यांतून उभे राहतात. ते सोडवायला डॉक्टर लागतातच, पण नमुन्यातली प्रथिनं मोजणारा, आकडे वाचणारा माणूसही तितकाच लागतो. ती जागा तुझी.

भावाच्या आजाराबद्दलही सांगते. गाळणीच्या पेशींना एकमेकींशी चेनसारखं जोडून ठेवणारं नेफ्रिन नावाचं प्रथिन आहे. त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी नेफ्रोटिक सिंड्रोमच्या अनेक मुलांत आजार भरात असताना सापडतात, हे गेल्या काही वर्षांत पुढे आलं. तुझ्या भावाला हेच आहे असं मी म्हणत नाही, ते त्याचे डॉक्टर ठरवतील. आणि मनापासून एक सांगते, त्याला बरं करायची जबाबदारी खांद्यावर घेऊन प्रयोगशाळेत जाऊ नकोस. संशोधनात वर्ष-वर्ष काहीच हाती लागत नाही. त्या दिवसांत हा भार फार जड होतो.

आता वाट. एम.एस्सी.साठी गॅट-बी आणि आयआयटीची जॅम या परीक्षा दे. विषय बायोटेक्नॉलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री, दोन्ही चालतील. मायक्रोबायॉलॉजीच ठेवलीस तरी बिघडत नाही, फक्त रसायनशास्त्र सुटू देऊ नकोस. पुढे पीएच.डी.च्या फेलोशिपसाठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा आहे, डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्या फेलोशिप आहेत. पुण्यात एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र), एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर ही विज्ञानसंस्था, मुंबईत आयआयटी आणि परळची राष्ट्रीय रक्तप्रतिरक्षाशास्त्र संस्था, या जागा नजरेसमोर ठेव. नावात 'किडनी' असलेली प्रयोगशाळा शोधत बसू नकोस, आपल्याकडे तशा थोड्याच आहेत. जिथे मास स्पेक्ट्रोमीटर रोज चालतो आणि शेजारच्या रुग्णालयाशी नमुन्यांचं नातं आहे, अशी जागा शोध. उन्हाळ्याचे दोन महिने विज्ञान अकादम्यांच्या फेलोशिपवर कुठेतरी काम करून ये.

ते काम कसं असतं, याची एक झलक देते. बायोप्सीतून मिळतो तो शेवयाच्या तुकड्याएवढा मांसाचा धागा. त्यातलाही निदान झाल्यावर उरलेला भाग, रुग्णाची संमती आणि नैतिकता समितीची परवानगी असेल तरच तुझ्या हाती येतो. तो उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधून काढून बर्फावर ठेवायचा. तू हातमोजे घालायला विसरलीस, वाकून बघताना एक केस पडला, की मशीन किडनीऐवजी तुझ्याच कातडीतलं आणि केसातलं केराटिन मोजत बसतं. पुन्हा तेवढा नमुना मिळेलच असं नाही. हे चुकू न देणाऱ्या मुलींची प्रयोगशाळांना गरज असते, आणि तो काटेकोरपणा नीटच्या गुणांत कुठेच दिसत नाही.

बाबांची काळजी रास्त आहे, तिला आकड्यांनीच उत्तर देऊ या. जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये फेलोशिप असते, घरभाडं वेगळं. म्हणजे घरातून पैसे मागवायची वेळ सहसा येत नाही. पण पाच-सहा वर्षं जातात, फेलोशिपचे पैसे कधी कधी उशिरा येतात आणि पीएच.डी.नंतरची कायम नोकरी पटकन मिळत नाही. हेही बाबांपासून लपवू नकोस. जेआरएफ न मिळता, फेलोशिपशिवाय पीएच.डी.ला बसायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे : बसू नकोस. एम.एस्सी.नंतर रोगनिदान करणाऱ्या प्रयोगशाळेत किंवा औषध कंपनीच्या प्रथिन-विश्लेषण विभागात दोन वर्षं काम कर. हातही बसेल, परीक्षाही पुन्हा देता येईल.

संख्याशास्त्राची भीती मात्र आत्ताच घालव. एका नमुन्यातून हजारो प्रथिनांचे आकडे येतात, ते एक्सेलमध्ये मावत असले तरी उमगत नाहीत. 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा फुकट आहे, एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटी मुंबईचे प्रोटिओमिक्सचे अभ्यासक्रम आहेत. सुरुवातीला डेटा बाहेर शोधायची गरज नाही. आईची चार वर्षांची वही घे. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात प्लस, तिसऱ्यात त्या दिवशीची गोळी, आणि सर्दी-ताप होता का ते चौथ्यात. येत्या रविवारी आईला शेजारी बसवून पहिली दोन पानं भर. तिचं अक्षर कुठे लागलं नाही तर ती सांगेल.