मांडीत रॉड असताना त्याच्या टोकाशीच हाड पुन्हा का मोडतं?

तुम्ही लिहिलंय की आईच्या खुब्याला ३ वर्षांपूर्वी छोटा रॉड टाकला, हाड छान जुळलं, आणि आता बाथरूममध्ये पाय घसरला तर रॉड जिथे संपतो बरोब्बर तिथेच मांडीचं हाड मोडलं, मग रॉडच खराब होता का. माझ्या आत्याचं हुबेहूब असंच झालं होतं आणि मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे तो एक्स-रे बघून पोटात गोळा आला, कारण हाड कुठे मोडेल ते कुणीही आधीच कागदावर खूण करून दाखवलं असतं.

जुन्या विरलेल्या लुगड्याला नव्या जाड कापडाचं ठिगळ लावलं की ठिगळ शाबूत राहतं आणि लुगडं ठिगळाच्या कडेने फाटतं, तसंच आहे हे. हाडाच्या टणक भागाचा ताठपणा साधारण १७ ते २० गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक, आकडा मोठा तितकं वाकवायला कठीण), टायटॅनियमचा ११० च्या आसपास, स्टीलचा जवळपास २००. पायावर भार आला की मांडीचं हाड किंचित वाकतं, पण रॉड आहे तेवढ्या भागात त्याला फारसं वाकता येत नाही, आणि रॉड संपला की एकदम नुसतं हाड. ताण त्या सीमेवर गोळा होतो. त्यात छोट्या रॉडचा खालचा लॉकिंग स्क्रू, म्हणजे रॉडला हाडात जागेवर धरून ठेवणारा आडवा स्क्रू, टोकाच्या थोडाच वर असतो, त्याच्यासाठी हाडाला भोक पाडलेलं असतं. किर्श नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९८ मध्येच गणित मांडलं होतं की ताणलेल्या रुंद पत्र्यात छोटं गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण ३ पट होतो. हाड म्हणजे एकसारखा पत्रा नव्हे हे मान्य, पण भोकाची कड कमजोर हे तिथेही खरंच.

शिवाय मांडीचं हाड पुढच्या बाजूला बाक असलेलं असतं, रॉड त्यापेक्षा सरळ असला तर टोक आतून पुढच्या भिंतीला टेकतं. आत्या पडायच्या आधी कितीतरी दिवस म्हणत होती मांडीत पुढून ठणकतं, आम्ही म्हणालो वय झालं, चालायचंच. ते अजून मनातून जात नाही. कुणाच्या घरी रॉडवाल्या माणसाला असं एकाच जागी दुखत असेल तर एक्स-रे काढाच.

रॉडच्या क्वालिटीबद्दल म्हणाल तर धातू तुटला असता तर गोष्ट वेगळी होती, तो बहुतेक वेळा हाड जुळलंच नाही आणि सगळा भार महिनोन्महिने धातूवर राहिला म्हणून थकून तुटतो. तुमच्याकडे रॉड अख्खा आहे आणि हाड मोडलंय. १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या पहिल्या गॅमा नेलच्या (खुब्याच्या फ्रॅक्चरसाठीचा असाच छोटा रॉड) वेळी टोकाशी हाड मोडायच्या बऱ्याच केसेस झाल्या, मग डिझाइन बदलली, प्रमाण खूप कमी झालं, पण हा धोका पूर्ण जात नाही.

मला जास्त राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. नुसतं घसरून खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ आहेत हे तेव्हाच कळायला हवं, पण आत्याला पहिल्या ऑपरेशननंतर ना डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजायची तपासणी), ना हाडाच्या ठिसूळपणाचं औषध, फक्त कॅल्शियमच्या गोळ्या. तुमच्या आईचं हे झालंय का ते आजच विचारा.

आणि आता डॉक्टरांशी बोलताना, एक्स-रे खुब्यापासून गुडघ्यापर्यंत पूर्ण मांडीचा घेतलाय ना ते बघा. दुसरं, नवीन काय बसवणार आणि ते कुठे संपणार? आत्याचा छोटा रॉड काढून गुडघ्याजवळ जाईल असा लांब रॉड टाकला. काही जणांना जुना रॉड तसाच ठेवून प्लेट लावतात, तेव्हा प्लेट रॉडच्या टोकाच्या बरीच वरपर्यंत गेलेली हवी, दोघांच्या मध्ये उघड्या हाडाची छोटी फट राहिली तर तिसरं फ्रॅक्चर तिथेच व्हायची भीती. जुना स्क्रू काढला तर त्याचं रिकामं भोक नव्या प्लेटच्या टोकाशी येऊ नये. हे प्रश्न विचारले म्हणून चांगला सर्जन चिडत नाही, आमच्या डॉक्टरांनी तर एक्स-रेवर पेनाने रेघ मारून दाखवलं होतं.

आत्या ४ महिन्यांनी वॉकर सोडून काठीवर आली. आईचा एक्स-रे नाव झाकून इथे टाकलात तर भोकं आणि टोकं कुठे आहेत ते मी बघून सांगेन, इलाज मात्र डॉक्टरांचाच.