वादळात वीज गेल्यावर फ्रीजमधले अन्न

प्रश्न : वादळामुळे आमच्याकडे रात्रभर वीज नव्हती. फ्रीजमधले दूध व शिजवलेले अन्न सकाळी वासाला चांगले वाटले, तरी मुलांना द्यावे की नाही, हे कळेना. अशा वेळी काय करावे?

उत्तर : वासावर किंवा चवीवर विसंबू नका, कारण आजार घडवणारे जंतू वाढले तरी अन्नाचा वास, रंग वा चव बदलतेच असे नाही. दार बंद ठेवल्यास फ्रीज साधारण ४ तास पुरेसा थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास तग धरतो. तुमची वीज रात्रभर नव्हती, त्यामुळे दूध, मांस, मासे, अंडी व शिजवलेले अन्न टाकून द्यावे. पुन्हा उकळूनही उपयोग नाही, कारण काही जंतूंनी तयार केलेले विष उष्णतेने नष्ट होत नाही. टाकताना जीव हळहळतो, हे मी जाणते. पण लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना अशी बाधा फार जड जाते.

पुढच्या वेळेसाठी एक सोपी खूण सांगते. वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवून त्यावर एक नाणे ठेवा. नाणे तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात बर्फ पूर्ण वितळला होता, असे समजावे. ज्या पदार्थांत अजून बर्फाचे कण आहेत, ते पुन्हा गोठवता येतात.

आणि कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात कधीही लावू नका. त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता जीव घेतो.