ब्लूग्रासच्या रिंगणात: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ब्लूग्रास जॅमविषयी, म्हणजे रिंगण करून एकत्र वाजवण्या-गाण्याविषयी यावेळी जे प्रश्न आले, त्यातले बहुतेक अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांचे आहेत. नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. केंटकीचे बिल मन्रो १९३९ मध्ये आपल्या ब्लू ग्रास बॉइजसह नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात आले आणि बँडचंच नाव पुढे या संगीताला मिळालं. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी वाजवायचा बँजो घेऊन त्यांच्यात आले, तेव्हा आजचा बाज पक्का झाला. वाद्यं सगळी तारांची: बँजो, मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार, उभा बास आणि कधीकधी डोब्रो (आडवी धरून सळईने वाजवायची गिटार).

प्रश्न: दर फेब्रुवारीत आमच्याकडे विंटरग्रास महोत्सव असतो. हॉटेलच्या लॉबीत, जिन्यापाशी, जागा मिळेल तिथे घोळके वाजवत असतात. मला गिटारवर जी, सी, डी आणि ए या कॉर्ड येतात. सरळ जाऊन उभं राहिलं तर चालेल का? (बेलव्ह्यू, वॉशिंग्टन)

चालेल, पण घोळका कसा आहे ते आधी बघा. चार-पाच जण अगदी जवळजवळ उभे आहेत, पाठी बाहेर आहेत, एक गाणं संपतंय तोच दुसरं सुरू होतंय आणि लय अशी की ठेका धरायला गेलात तर पाय मागे पडतो, असं असेल तर वाद्य पेटीतच राहू द्या. ते मित्र आहेत, वर्षातून एकदा भेटतात. मागे उभं राहून ऐकायला कोणाची हरकत नसते. सहा-आठ जणांचं रिंगण आहे, मध्ये जागा आहे, गाण्यांच्या मध्ये गप्पा चालल्यात, अशा ठिकाणी गाणं संपल्यावर विचारा. गाणं चालू असताना पेटी उघडून सूर लावत बसू नका. लॉबीच्या कोपऱ्यात जा, क्लिपवाल्या ट्यूनरवर वाद्य लावा आणि मग या.

रिंगणाची रीत साधी आहे. ज्याची पाळी तो गाणं निवडतो आणि तीन गोष्टी सांगतो: गाण्याचं नाव, त्याची ‘की’ (म्हणजे गाण्याचा सा), आणि नेहमीपेक्षा वेगळी कॉर्ड असेल तर ती कुठे येते. मग तोच लय ठरवून सुरुवात करतो. कडवं, धृपद, ब्रेक, पुन्हा कडवं, असं ते फिरत राहतं. ब्रेक म्हणजे एका वाद्याने गाण्याची पूर्ण चाल एकदा वाजवायची. गाणारा नजरेने किंवा मान हलवून ब्रेक देतो. नको असेल तर हलकेच मान नकारार्थी हलवा, तो पुढच्याकडे वळेल. त्यात कमीपणा काही नाही. नवख्याने पहिले दोन-तीन जॅम ब्रेक न घेता काढावेत, असंच आमचं मत आहे.

कॉर्ड बोटांवर मोजून सांगतात. एक म्हणजे की, म्हणजे तुमचा सा. चार म्हणजे म, पाच म्हणजे प. जी मध्ये एक-चार-पाच म्हणजे जी, सी, डी. गाणं माहीत नसेल तर समोरच्या गिटारवाल्याचा डावा हात बघा. बँजो आणि मँडोलिनच्या हातावरून कॉर्ड ओळखणं अवघड जातं, गिटारची लगेच दिसते. मात्र आधी त्याचा कॅपो (तारा पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) कितव्या पडद्यावर आहे ते पाहा. दुसऱ्या पडद्यावर कॅपो आणि बोटं जी च्या आकारात, म्हणजे गाणं ए मध्ये आहे.

बहुतेक नवे गिटारवाले घोटाळा करतात तो आवाजाचा. कोणी गात असेल किंवा ब्रेक घेत असेल आणि त्याचा सूर तुम्हाला स्पष्ट ऐकू येत नसेल, तर तुम्ही फार मोठ्याने वाजवताय. रिंगणात चार गिटार असतील तर तीन कमी आवाजात किंवा गप्प असायला हव्यात. जाड तारेवर एक सूर, मग बारीक तारांवर हलका झटका, एवढंच वाजवा. मधल्या मोकळ्या जागा भरायचा मोह आवरा, त्या जागा फिडल-बँजोच्या आहेत.

शेवट जवळ आला की गाणारा एक पाय वर उचलतो. ते दिसलं की ही शेवटची फेरी समजायची. म्हणून डोळे तारांवर नकोत, माणसांवर हवेत.

प्रश्न: मी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकले आहे, खाली बसून वाजवते. न्यू जर्सीत वुड्सटाउनला लेबर डेच्या सुट्टीत ब्लूग्रास महोत्सव होतो, तिथे तंबूंमध्ये जॅम रंगतात असं कळलं. माझं व्हायोलिन चालेल का? (एडिसन, न्यू जर्सी)

व्हायोलिन चालेल, जुळवणी चालणार नाही. तिथे सगळी फिडल खालून वर जी-डी-ए-ई अशी लावलेली असतात. तुमच्या प-सा-प-सा जुळवणीत शेजारच्या दोन तारांमधलं अंतर कधी चार स्वरांचं, कधी पाचांचं असतं. जी-डी-ए-ई मध्ये प्रत्येक वेळी पाचांचंच. त्यामुळे एका तारेवर बसलेली बोटांची ठेवण शेजारच्या तारेवर तशीच सरकवता येते. एका सुट्टीत हे डोक्यात बसतं, हातात उतरायला थोडे आठवडे लागतात.

उतरत्या सुरात लावलेल्या जुन्या तारा एकदम वर चढवू नका. बारीक तार तुटते आणि ताण बदलल्यामुळे घोडी (तारांखालचा ब्रिज) पुढे झुकते. नव्या तारांचा संच घ्या, एक तार उतरवून लगेच त्याच जागी दुसरी चढवा, आणि प्रत्येक तारेनंतर घोडीची मागची बाजू सरळ आहे ना ते बघा. चारही तारा एकदम काढल्या तर घोडी पडते आणि आतली काठीही निसटू शकते, मग दुकान गाठावं लागतं. शक्य असेल तर दुसरं व्हायोलिन ठेवावं, हे आम्ही आग्रहाने सांगू.

बसून वाजवायला कोणी नाही म्हणणार नाही, मात्र गवतावर बैठक मारलीत तर बाकीचे उभे असतात आणि तुमचा आवाज त्यांच्या गुडघ्यांत अडकतो. हात नसलेली खुर्ची बरी. मींड जरूर घ्या, छोटी. लांब आलापी सोडून द्या. ब्रेक तुमचा नसेल तेव्हा कॉर्डचा सा किंवा प हलक्या गजाने लांबवा, आणि दुसरं फिडल ब्रेक घेत असेल तर पूर्ण थांबा. दोन फिडल एकाच वेळी वेगवेगळं काही वाजवू लागली की कोणाचंच ऐकू येत नाही.

प्रश्न: माझा सा काळी चार. जॅममध्ये मी कोणती की सांगायची? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

काळी चार सांगू नका. गिटारवाला कॅपो एक पडदा सरकवेल, बँजोवाला कुरकुरत सरकवेल, पण फिडल, मँडोलिन आणि बास यांना कॅपो नसतो, त्यांच्या मोकळ्या तारा वाया जातात. जॅमच्या नेहमीच्या की सगळ्या पांढऱ्या आहेत: जी म्हणजे पांढरी पाच, ए सहा, बी सात, सी एक, डी दोन. ई, म्हणजे तीन, कधीमधी.

पण खरा मुद्दा वेगळा आहे. शास्त्रीय गाण्यात आपण एक सा धरून सगळं गातो. इथे गाण्याचा पल्ला पाहून दर गाण्याला सा बदलतात. चाल मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत फिरत असेल, आणि बरीचशी गाणी तशीच आहेत, तर काळी चारच्या गळ्याला पांढरी पाच फार खाली पडेल. आवाज दबतो आणि बँजोपुढे ऐकूच येत नाही. तिथे सी किंवा डी घ्या. चाल मध्य सा पासून तार सा पर्यंत असेल तर जी किंवा ए बरोबर. घरी प्रत्येक गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर पेटीवर शोधून ठेवा आणि वहीत गाण्यापुढे की लिहा. जॅममध्ये ‘थांबा हं, बघते’ म्हणत बसणारा गायक कोणाला आवडत नाही.

साथीचे सूर फक्त धृपदात. मुख्य चालीच्या वरचा टेनर, खालचा बॅरिटोन, आणि प्रत्येक सुराला एकच माणूस. बाई डी मध्ये गात असेल तर तिच्या वर टेनर चढवणं बहुतेकांना झेपत नाही, म्हणून दोन्ही साथी खाली उतरतात. दुसऱ्या कोणी आधीच तो सूर धरला असेल तर आपण मुख्य चालीत न शिरता गप्प राहायचं.

प्रश्न: तबला किंवा कहॉन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) नेला तर? आणि पेटी? (डॅलस)

नेऊ नका. चार मात्रा धरल्या तर पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बास, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा चॉप: तारा दाबून झटका मारायचा आणि लगेच बोटं सैल सोडून आवाज तोडायचा. ढोल म्हणायचा तर तोच. त्यात तबला आला की चॉप ऐकू येत नाही आणि सगळ्यांची लय तबल्याकडे सरकते. टाळ्या वाजवायच्याच असतील तर दोन आणि चारवर, भजनातल्यासारख्या समेवर नको. पेटीबद्दल गंमत अशी की मन्रो यांच्या स्वतःच्या १९४५ च्या रेकॉर्डिंगमध्ये अकॉर्डियन आहे. तरीही अनोळखी रिंगणात पेटी उघडू नये.

प्रश्न: माझा बँजो घरी छान वाजतो, जॅममध्ये कॅपो लावला की बेसूर. काय बिघडलं असेल? (कॅरी, नॉर्थ कॅरोलायना)

तीन जागा तपासा. पहिली, पाचवी तार. ती पाचव्या पडद्यापासून सुरू होते, त्यामुळे कॅपो तिला लागत नाही. ए साठी कॅपो दुसऱ्या पडद्यावर आणि पाचवी तार सातव्या पडद्याच्या खिळ्याखाली अडकवून ए. बी साठी कॅपो चौथ्यावर आणि पाचवी तार नवव्यावर. खिळा नसेल तर खुंटी पिळून दोन सूर वर नेता येतं, पण चार सूर नेताना तार तुटते. खिळे वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून बसवून घ्या, घरी छिद्र पाडू नका.

दुसरी, कॅपोचा दाब. गरजेपेक्षा घट्ट केला की तारा ताणल्या जाऊन सूर चढतो. पडद्याच्या अगदी मागे लावा, झणझण थांबेल इतकाच आवळा आणि लावल्यावर पुन्हा ट्यूनर बघा.

तिसरी आणि सगळ्यात जास्त आढळणारी, घोडी सरकणं. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते, पेटीत धक्का लागला तरी हलते. बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून घंटीसारखा सूर काढा, मग त्याच पडद्यावर तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी तारा अडकवलेल्या टोकाकडे जराशी सरकवा, उतरा असेल तर मानेकडे. केसभर सरकवलं तरी फरक पडतो. जमलं की घोडीच्या पायांभोवती पेन्सिलची बारीक खूण करा.

आणि बँजोवर गाणाऱ्याच्या मागे रोल (बोटांचा अखंड फिरता नमुना) वाजवू नका. त्या वेळी दोन आणि चारवर दाबलेले छोटे झटके पुरे.

प्रश्न: आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा नवशिक्यांचा संथ जॅम सुरू करायचा आहे. सुरुवात कशी करावी? (ह्यूस्टन)

दोन तास ठेवा, जास्त नको. खुर्च्या बिनहाताच्या आणि एकाच रिंगणात. दुसरी रांग केली की मागचे प्रेक्षक होतात. बारा जणांवर लोक झाले तर दोन रिंगणं करून दुसरं वेगळ्या खोलीत बसवा. माइक नको. हॉलची फरशी उघडी असेल तर सतरंज्या पसरा, नाहीतर आवाज घुमतो आणि लय सैल होते.

एकजण म्होरक्या हवा, गिटारवाला असला तर उत्तम, कारण त्याच्या कॉर्ड सगळ्यांना दिसतात. बास त्याच्या शेजारी. दोन बँजो असतील तर समोरासमोर बसवा, शेजारी नको. वीस गाण्यांची यादी आधी पाठवा, प्रत्येकापुढे की लिहा, आणि पहिल्या तीन महिन्यांत तीन कॉर्डच्या पलीकडे जाऊ नका. बासच्या ठोक्याला मेट्रोनोमवर ८० ते ९० पुरे. लय नक्की वाढणार, म्हणून म्होरक्याने दोन गाण्यांनंतर मेट्रोनोम पुन्हा ऐकवावा. वाढते ती बहुतेक वेळा ब्रेक संपून धृपद येतं त्या वळणावर, उत्साहाच्या भरात.

नोटेशनचे स्टँड बंद. शब्द पाठ नसतील तर गाणाऱ्यापुरता कागद चालेल. आणि वडे ठेवणार असाल तर ते शेवटी ठेवा, तेलकट बोटांनी तारा दोन आठवड्यांत मरतात.

प्रश्न: जून महिन्यात ग्रास व्हॅलीला महोत्सवाआधी शिबिर असतं. नवख्याने आधी तिथे जावं की जॅम वर्गाला? (सॅन होजे)

मोकळ्या गिटारवर जी, सी, डी, ए बोटांकडे न बघता बदलता येत असतील, तर जॅम वर्ग आधी. बँजोवादक पीट वर्निक यांच्या पद्धतीचे जॅम वर्ग जवळपास याच अटीवर प्रवेश देतात, आणि तिथे पहिल्या दिवसापासून रिंगणात बसवतात. ग्रास व्हॅलीच्या, म्हणजे कॅलिफोर्निया ब्लूग्रास असोसिएशनच्या शिबिरात एका वाद्यावर सखोल काम होतं. त्याचा उपयोग रिंगणात बसायची भीती गेल्यावर जास्त होतो. फॉर्म भरताना पातळी एक पायरी खालची लिहा. वर चढवणं सोपं असतं, मध्येच खाली उतरवून घेणं जड जातं.

सामानात तारांचे दोन संच, कॅपो, ट्यूनर, १ ते १.४ मिलिमीटरची जाड पिकं (तारा छेडायच्या पट्ट्या), डोक्याला लावायचा दिवा आणि घडीची बिनहाताची खुर्ची घ्या. वाद्य उन्हातल्या गाडीत कधीही ठेवू नका. बंद गाडी इतकी तापते की गोंद मऊ पडून गिटारची घोडी उचलली जाते. पेटीत ओलावा ४५ ते ५५ टक्के राहील इतकं पाहा.

प्रश्न: जॅमचं रेकॉर्डिंग केलं तर चालतं का?

विचारून. स्वतःच्या सरावासाठी बहुतेक कोणी नाही म्हणत नाही. फोन खुर्चीखाली उलटा ठेवा, म्हणजे बासचा ठोका नीट येतो. बाहेर कुठे टाकायचं असेल तर रिंगणातल्या प्रत्येकाला वेगळं विचारा.