रंगमंच पुन्हा आभाळाखाली

प्रश्न : करोनाच्या दीर्घ बंदीनंतर अनेक ठिकाणी बंदिस्त नाट्यगृहांच्या आधी खुले रंगमंच सुरू झाले. उघड्यावर धोका खरोखरच कमी होता, की लोकांना धीर देण्यापुरतीच ती सोय होती?

उत्तर : धोका खरोखरच कमी होता; मात्र तो नाहीसा झालेला नव्हता. बोलताना, आणि त्याहून अधिक चढ्या आवाजात गाताना किंवा संवाद फेकताना, तोंडातून अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. कोंदट जागेत ते बराच वेळ तरंगत साचत जातात, तर वाहत्या हवेत ते लवकर विरळ होतात. प्रवेशद्वारापाशी होणारी दाटी आणि छपराखालचा चिंचोळा रंगपट, म्हणजे नटांची तयार होण्याची खोली, यांना मात्र वरचे मोकळे आकाश काहीच मदत करत नव्हते, आणि माझ्या मते आयोजकांचे दुर्लक्ष झाले ते नेमके तिथेच.

ग्रीसमधील एपिडॉरसच्या प्राचीन प्रेक्षागृहात २०२०च्या जुलैमध्येच एक शोकांतिका मर्यादित प्रेक्षकांसमोर झाली आणि त्याच वेळी इंटरनेटवरून जगभर दाखवली गेली. इटलीतील वेरोनाच्या रोमनकालीन रिंगणात त्या उन्हाळ्यात रंगमंच नेहमीच्या टोकाकडून हलवून मधोमध मांडण्यात आला, जेणेकरून प्रेक्षकांना सभोवतीच्या दगडी पायऱ्यांवर विखरून बसवता यावे. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाचे दार २०२१च्या मे महिन्यात उघडले, तेव्हा प्रेक्षक जिथे एरवी उभे राहून नाटक पाहतात त्या अंगणात अंतराअंतरावर खुर्च्या मांडलेल्या होत्या. म्हणजे बंदीपूर्वीचाच प्रयोग उचलून बाहेर नेला असे कुठेही झाले नाही. जागेबरोबर प्रयोगाचे स्वरूपही बदलावे लागले.

प्रश्न : आमच्या हौशी संस्थेने बंदीनंतरचा पहिला प्रयोग मैदानात केला. खुर्च्या दोन-दोन मीटरवर होत्या. पूर्वी हमखास हशा घेणारी वाक्ये पडली, शिवाय मागच्या रांगांना नीट ऐकू आले नाही. एवढ्या खंडात आमची सवय मोडली का?

उत्तर : थोडी मोडली असेलच, पण सगळा दोष स्वतःच्या माथी घेऊ नये. हसू शेजाऱ्याच्या आधाराने वाढते. त्या काळात एका प्रयोगाला बसलो असताना माझ्या पुढच्या रांगेतील गृहस्थांना हसू फुटले, त्यांनी सवयीने डावीकडे पाहिले, तिथे कोणीच नव्हते, आणि त्यांचे हसू तिथल्या तिथे आवरले गेले. खच्चून भरलेल्या प्रेक्षागृहात हेच हसू शेजारच्याला लागते, तिथून रांगभर पसरते आणि नटाला श्वास घ्यायला अवसर मिळतो. आपल्या नटांनी त्या अवसराच्या भरवशावर पॉज घेतले असणार. हशा आला नाही, पॉज उघडे पडले आणि पुढचे वाक्यही त्यांच्याबरोबर घसरले. पुन्हा कधी अशी विखुरलेली बैठक करावी लागली, तर एका घरातील माणसांना सलग बसवून अंतर दोन कुटुंबांमध्ये ठेवावे. विनोदी प्रवेशांतील पॉज तालमीतच आखडते घ्यावेत आणि हशा आलाच, तर त्या रात्रीपुरते वाढवावेत.

ऐकू न येण्याचे कारण वेगळे आहे. बंदिस्त नाट्यगृहात भिंती आणि छत आवाज परतवून मागच्या रांगेपर्यंत पोहोचवतात. मैदानात तो एकदा सुटला की सुटला, आणि अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी सुमारे सहा डेसिबलने उतरते. नटाच्या पाठीशी काळा पडदा असेल तर उरलासुरला परावर्तित आवाजही तो गिळतो. त्याऐवजी लाकडी फळ्यांचे नेपथ्य उभे केल्यास फरक लगेच जाणवतो. वाक्याचा शेवट गिळण्याची खोड आत खपून जाते, बाहेर मुळीच खपत नाही. दुपारच्या ध्वनिचाचणीवर तर विसंबूच नये. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो, तर सूर्यास्तानंतर जमीन निवली आणि वारा पडला की तो खाली वाकून दूरवर जातो. चाचणी प्रयोगाच्याच वेळी, माणसे शेवटच्या रांगेत बसवून घ्यावी.

नाटकात वादक असतील, तर त्यांना सुरक्षिततेसाठी किती दूर बसवले होते हेही आठवून पाहावे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे वीस मीटरवरच्या साथीदाराचा ठोका सेकंदाच्या सतराव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो, आणि जलद लयीत तेवढ्यानेही सगळे विस्कटते. कानाऐवजी डोळ्याने, म्हणजे हाताच्या इशाऱ्यावर, लय धरणे हाच त्यावर उपाय.

प्रश्न : त्या काळात मध्यंतर वगळण्याची पडलेली पद्धत आता कायम ठेवावी का?

उत्तर : मध्यंतर वगळले होते ते स्वच्छतागृहांपुढच्या आणि खाद्यपदार्थांच्या रांगा टाळण्यासाठी; नाटकाच्या गरजेपोटी नव्हे. दीड तासाचे, एका दमात लिहिलेले नाटक तसेच सलग करावे. परंतु ज्या नाटकाच्या पहिल्या अंकाचा पडदा दारावरच्या थापेवर पडतो, तिथे ती थाप पंधरा मिनिटे प्रेक्षकाच्या कानात राहावी अशी लेखकाची योजना असते. अशा नाटकाला त्याचे मध्यंतर परत द्यावे, आणि रांगांची व्यवस्था आयोजकांनी वेगळी पाहावी.