चित्राच्या कडा बघणारी मुलगी

सर, नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. तुम्ही चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, गेल्या वर्षी ७१ टक्के. ‘रसायनशास्त्रात ती वाया जाईल. पदवीनंतर कला-इतिहासात एम.ए. करून तिनं आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या संग्रहालयात क्युरेटर व्हावं, असं आम्ही ठरवलं आहे,’ असं लिहून तुम्ही मार्ग विचारला आहे. तो खाली देतो. पण माझं मन अडकलं ते तिसऱ्या पानावर.

त्या पानावर सातारा जिल्ह्यातल्या औंधची सहल आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर उभारलेलं ते संग्रहालय दाखवायला तुम्ही तिला हौसेनं नेलंत. एका जुन्या तैलचित्रापुढे तुम्ही तिला रचना आणि छायाप्रकाश समजावत होतात, आणि ती चौकटीच्या कडेला वाकून रंगाला गेलेल्या बारीक भेगा बघत होती. तिथल्या कर्मचाऱ्याला तिनं विचारलं, या कशानं पडतात? त्यावर तुम्ही चारचौघांत म्हणालात, ‘गप्प बस, चित्र बघ.’ तेव्हापासून ती तुमच्याबरोबर एकाही प्रदर्शनाला आलेली नाही. तिला कलेची ओढ नाही, याचा पुरावा म्हणून तुम्ही हे सगळं लिहिलं आहे.

सर, मला त्यात नेमकं उलटं दिसतं. कॅनव्हासचं कापड हवेतला दमटपणा शोषतं आणि सोडतं, त्याबरोबर ताणतं आणि सैलावतं. कापडावर दिलेला अस्तराचा थर आणि त्यावरचा रंग मात्र वयानुसार कडक होत जातात. कापडाबरोबर हलणं त्यांना जमेनासं झालं की ते तडकतात. कोरडा उन्हाळा आणि पाठोपाठ पावसाळा असलेल्या आपल्या मुलखात हे दरवर्षी सोसावं लागतं. म्हणून कुठल्याही जाणत्या अभिरक्षकानं, म्हणजे क्युरेटरनं, आधी विचारावा असाच तो प्रश्न होता. तो विचारणाऱ्या मुलीला तिच्या वडिलांनीच गप्प केलं, याचं मला फार वाईट वाटलं. तुम्ही वर्षानुवर्षं वर्गात मुलांना ‘नीट बघा’ म्हणत आलात. ती नीटच बघत होती.

आता तुमच्या मनातल्या क्युरेटरबद्दल. तुम्ही लिहिता, ‘चित्रं निवडायची, मांडायची, उद्घाटनाला चार जाणत्या लोकांत वावरायचं, असं सुसंस्कृत काम.’ मोठ्या शहरांतल्या कलादालनांत तसं थोडंफार असेलही. प्रादेशिक संग्रहालयात प्रदर्शनाचे दिवस वर्षात थोडे. एरवी दिवस जातो तो नोंदवहीत. प्रत्येक वस्तूला नोंदणी क्रमांक, मापं, ती कुणाकडून आणि कशी आली, आज तिची अवस्था काय. चित्र भिंतीवरून उतरवलं की अभिरक्षक ते आधी उलटं करून पाठ बघतो, कारण जुने क्रमांक, शिक्के, चिठ्ठ्या, चौकटकाराच्या खुणा तिथेच सापडतात. एखादा देणगीदार आजोबांची मूर्ती घेऊन आला, तर ती त्यांच्याकडे आली कुठून हे त्याला न दुखावता विचारावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीला १९७२चा पुरावस्तूंचा कायदा लागू होतो. कागद, जलरंग आणि कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू द्यायचा नाही, कारण उजेडानं उडालेला रंग परत येत नाही. वर कसर, वाळवी, गळकं छत आणि शाळेच्या सहली आहेतच. लहान संग्रहालयात या प्रत्येक कामाला वेगळा माणूस मिळत नाही. तुमची मुलगी त्या दिवशी जे करत होती, ते याच कामाच्या कितीतरी जवळचं होतं.

म्हणून मी तुम्हाला वेगळीच वाट सुचवतो. तिनं कला-संवर्धनाचा, म्हणजे जुनी चित्रं आणि वस्तू जपण्याच्या, दुरुस्त करण्याच्या कामाचा विचार करावा. व्हार्निश पिवळं का पडतं, कोणतं द्रावण ते उतरवेल आणि खालच्या रंगाला धक्का लावणार नाही, कागद आम्लानं ठिसूळ कसा होतो, हे सगळं रसायनशास्त्रच आहे. जे वाया जाईल म्हणून तुम्ही घाबरलात, त्याचीच इथे गरज आहे. संग्रहालयांना कला जाणणारी माणसं मिळतात. रसायन आणि कला दोन्ही कळणारी फार कमी मिळतात.

मार्ग थोडक्यात असे: बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये कला-इतिहास, संवर्धन आणि संग्रहालयशास्त्र, तिन्हींत एम.ए.; लखनौला संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा; मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षाच्या माहितीपत्रकात बघा.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. सरकारी संग्रहालयांत जागा थोड्या, आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. सुरुवातीची काही वर्षं कंत्राटी कामं, प्रकल्प, खासगी संग्रह यांवर जाऊ शकतात. ज्याला हे काम मनापासून हवं आहे तो ही वर्षं काढतो. वडिलांनी ठरवलं म्हणून आलेला माणूस बहुधा दुसऱ्याच वर्षी सोडतो. तुमच्या चार पानांत ‘आम्ही ठरवलं’ पाच वेळा आलंय. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच वाक्य आहे, ते भेगांबद्दलचं.

तर एवढं करा. तिला घेऊन पुन्हा औंधला जा. या वेळी तिला पुढे चालू द्या, तुम्ही मागे राहा, आणि ती जिथे थांबेल तिथे थांबा. रंगलेपनाचं तुम्हाला कळतं, त्याखाली काय चाललंय ते तिला कळू लागलंय. तिनं विचारलं तरच बोला. आधी त्या दिवसाबद्दल तिची माफी मागा. शिक्षकाला ते जड जातं, मला माहीत आहे, तरी मागा.

पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. तिला संवर्धन नको असेल, क्युरेटर व्हायचं नसेल, साबणाच्या कारखान्यात केमिस्ट व्हायचं असेल, तर तेही तिनंच लिहावं. मी तिला सविस्तर उत्तर देईन.